दसऱ्याआधीचे अडीच महिने

पत्र :
ताई, मी धारूर तालुक्यातल्या एका तांड्यावर जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत शिकवतो. यंदा पहिलीत साडेसहा वर्षांचा एक मुलगा आलाय. त्याला गोपाळ म्हणू या, नाव खरं नाही. तो आपणहून बोलत नाही. दिवसभर ‘एमएच चव्वेचाळीस’ म्हणत राहतो आणि पुढे काहीतरी आकडे. वर्गातली पोरं हसतात. टोल वाजला की कान दाबून पळतो, परिपाठाला थांबत नाही, खिचडीत मटकी दिसली की ताट लोटतो. एका डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘ऑटिझम’ लिहून दिलं, पुढे काय करायचं ते सांगितलं नाही. मोठ्या शहरातल्या एका दवाखान्याने स्टेम सेलची इंजेक्शनं सुचवली आहेत, खर्च अडीच लाख. वडील ऊसतोडीच्या मुकादमाकडून जादा उचल, म्हणजे मजुरीवरचे आगाऊ पैसे, घ्यायला निघालेत. दसरा झाला की दोघं ऊसतोडीला जाणार. काही पालक म्हणतात, ह्याला ‘तसल्या’ शाळेत टाका. त्याची आई रोज दारात उभी राहून विचारते, ‘गुरुजी, ह्याचं काय करू?’ डी.एड.ला मला यातलं काहीच शिकवलं नव्हतं. मी काय करू आणि तिला काय सांगू?

उत्तर :
गुरुजी, नमस्कार.

आधी त्या उचलीचं बोलते. बाकी सगळं आठवडाभर थांबलं तरी चालेल, हे थांबणार नाही. गोपाळच्या वडिलांना आज संध्याकाळीच गाठा आणि सांगा, की ऑटिझमसाठी स्टेम सेल हा मान्य उपचार नाही. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीती आणि नोंदणी मंडळाने २०२२ मध्ये हे लेखी सांगितलंय. ऑटिझममध्ये याची शिफारस करता येत नाही, आणि कुणा डॉक्टरने त्याची जाहिरात केली तर ते व्यावसायिक गैरवर्तन ठरतं. कुणी संशोधन म्हणून चाचणी करत असेल, तर त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. तेव्हा अडीच लाख नेमके कशाचे, हा प्रश्न वडिलांनी त्या दवाखान्याला विचारावा आणि उत्तर लेखी मागावं. ऑक्सिजनच्या पेटीत बसवणं आणि अंगातले जड धातू काढण्याची औषधं यांच्यामागेही पुरावा नाही. त्या औषधांनी तर मुलाच्या जिवाला अपाय होऊ शकतो.

उचल फिटेपर्यंत त्या जोडीचा कोयता कुणाच्या ताब्यात राहतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. गोपाळला पुढची काही वर्षं सगळ्यात जास्त गरज आहे ती आईबापाच्या वेळेची, आणि उचल नेमका तोच घेऊन जाते.

त्याच्या आईला तांड्यावर काय काय ऐकावं लागत असेल, याचा मला अंदाज आहे. पोटुशी असताना मोळ्या वाहिल्या म्हणून, ग्रहणात बाहेर पडली म्हणून, लस टोचून घेतली म्हणून. तिला माझ्यातर्फे सांगा, तिच्या हातून काही चुकलेलं नाही. ऑटिझममध्ये मेंदूची घडणच जन्मापासून निराळी असते आणि त्यात अनुवंशाचा वाटा मोठा आहे. लसीचा संबंध नाही, हे जगभर पुन्हापुन्हा तपासून झालंय. १९४३ मध्ये अमेरिकेत लिओ कॅनर या डॉक्टरांनी अशा ११ मुलांचं वर्णन लिहिलं, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं शिकलेले डॉक्टरसुद्धा आईच्या कोरडेपणालाच दोष देत होते. ते म्हणणं केव्हाच खोटं ठरलं, पण आयांच्या मनातून अजून गेलेलं नाही. तुमच्यासारख्या माणसाने एकदा सगळ्यांसमोर, सासूसमोर, ‘हिचा दोष नाही’ असं म्हटलं, तर त्या बाईच्या छातीवरचा दगड उतरेल.

सरकारी कागदावर तुम्हाला ‘स्वमग्नता’ हा शब्द दिसेल. मला तो फारसा पटत नाही, कारण ही मुलं स्वतःतच बुडालेली असतात असं त्यातून वाटतं. माझा अनुभव उलट आहे. त्यांच्यापर्यंत जग फार जास्त पोचतं, एकदम आणि मोठ्या आवाजात.

आता ‘एमएच चव्वेचाळीस’. पत्रातलं हे वाक्य मी तीनदा वाचलं. एमएच ४४ ही अंबाजोगाईची पाटी. गोपाळचे आजवरचे हिवाळे जर कोपीत, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीत, आणि उसाच्या फडात गेले असतील, तर ट्रॅक्टरचे नंबर आणि कारखान्याच्या काट्यावर पुकारल्या जाणाऱ्या गाड्या यांतच तो वाढलाय. ऐकलेलं जसंच्या तसं परत म्हणायचं, याला आमच्याकडे इकोलेलिया म्हणतात. बऱ्याचदा त्यात अर्थ असतो, फक्त तो शब्दात नसून प्रसंगात असतो. माझ्या वर्गात एक मुलगी होती. ती मधेच म्हणायची, ‘गॅस बंद केला का?’ आम्ही तीन महिने तिला गप्प करत होतो. एक दिवस तिची आई न्यायला आली आणि जाता जाता म्हणाली, घरातून निघताना मी रोज हेच विचारते. त्या पोरीला म्हणायचं होतं, मला इथून निघायचंय. तीन महिने ती स्वच्छ मराठीत सांगत होती आणि आम्ही तिघी प्रशिक्षित बायका ऐकत नव्हतो.

तेव्हा एक शंभर पानी वही करा. गोपाळ तो नंबर म्हणाला की तीन गोष्टी लिहा : किती वाजले होते, त्याआधी काय घडलं, त्यानंतर त्याने काय केलं. आठ-दहा दिवसांत काहीतरी दिसू लागेल. कदाचित गोंगाट वाढला की तो म्हणत असेल, कदाचित बापाची आठवण आली की. कळलं की त्याच्या शेजारी बसून साधं वाक्य म्हणा, ‘गोपाळला बाहेर जायचंय,’ आणि खरंच बाहेर न्या. दुसरं म्हणजे, ज्या मुलाला गाडीचे नंबर पाठ आहेत त्याला अंक शिकवायला मणी मोजत बसायची गरज नाही. पुठ्ठ्याच्या नंबरप्लेट करा. तुमच्या पहिलीच्या वर्गात चार अंकी संख्या ओळखणारा तो कदाचित एकटाच निघेल. मग पोरांच्या हसण्याचंही काय करायचं ते आपोआप सुचेल तुम्हाला.

तांडा आहे म्हणजे घरात गोरमाटी, बंजारा बोली, असणार. पुष्कळ ठिकाणी अशा पालकांना ‘घरी एकच भाषा बोला, शाळेचीच बोला’ असं सांगतात. ते मनावर घेऊ नका. दोन भाषा कानावर पडल्याने ऑटिझम होत नाही, वाढतही नाही. आईने गोरमाटीतच बोलावं, गाणी म्हणावीत. तुम्ही मात्र तिच्याकडून पाणी, नको, अजून, थांब, घर एवढे शब्द गोरमाटीत शिकून घ्या. डॉक्टरांकडे जाल तेव्हाही त्याची घरची भाषा कुठली, हे आधी सांगा. नाहीतर मराठी न कळणं आणि मुळात बोलणं न येणं यांची तिथे गल्लत होते.

वर्गात काय करायचं, तर फार काही मोठं नाही. टोल हा रुळाचा तुकडा असणार, लोखंडाने बडवायचा. त्याच्या कानाला तो घाव लागतो, हे नाटक नव्हे. टोल पडायच्या आधी त्याला खांद्याशी येऊन सांगा, ‘आता टोल.’ महिनाभराने हातोडी त्याच्याच हातात देऊन बघा. आवाज केव्हा होणार हे आपल्या हातात आलं की भीती पुष्कळ उतरते. परिपाठाला त्याला रांगेच्या टोकाला, दाराजवळ उभं करा. प्रार्थनेपुरतं बाहेर जाऊन तो परत आला तरी ती हजेरी समजा. खिचडीचं स्वयंपाकीण मावशींशी बोला, मटकी घालण्याआधी त्याच्यापुरता भात काढून ठेवता येईल. मऊ भातात मधेच लागणारा टणक दाणा आपल्याला काहीच वाटत नाही, त्याला तो खड्यासारखा लागत असेल.

जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर दिवसाची पाच-सहा चित्रं एकाखाली एक चिकटवा : दप्तर, फळा, ताट, मैदान, घर. एक काम झालं की त्या चित्रावर कापडाचा तुकडा टाकायचा. पुढे काय होणार हे डोळ्यांना दिसलं की अशी मुलं निम्मी शांत होतात. सूचना एकच द्या आणि मग मनात दहापर्यंत मोजा. आपण ‘ऐकू येत नाही का?’ म्हणतो तेव्हा तो बहुतेक पहिल्याच वाक्यावर विचार करत असतो. आणि नजरेला नजर द्यायची सक्ती करू नका. मीही सुरुवातीची काही वर्षं मुलांची हनुवटी धरून ‘माझ्याकडे बघ’ म्हणायचे, त्याचं मला आज वाईट वाटतं. पुष्कळ मुलांना एकतर बघता येतं, नाहीतर ऐकता येतं. दोन्ही एकदम जमत नाही.

आता कागद. यात घाई हवी, कारण दसरा झाला की आईवडील सहा महिने हाताशी नसतील.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं तपासणी पथक वर्षातून एकदा शाळेत आणि दोनदा अंगणवाडीत येतं. हा कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच देशभर सुरू झाला. गोपाळ अंगणवाडीच्या वयात हिवाळाभर फडावर असल्यामुळे कदाचित निसटला असेल. पथकाची वाट बघत बसू नका. ग्रामीण रुग्णालयात फोन करून पथकाच्या डॉक्टरांना विचारा आणि जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रासाठी संदर्भ चिठ्ठी मागून घ्या. त्या केंद्रात वाचा, वर्तन आणि हालचालींची तपासणी एका छताखाली आणि विनाशुल्क होणं अपेक्षित आहे.

त्याच वेळी दिव्यांग प्रमाणपत्राचा आणि यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, अर्ज भरा. तो स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन भरतात. आधार आणि फोटो लागतो, तुमच्या शाळेच्या मोबाईलवरूनही होईल. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत आणि ऑटिझम त्यांतला एक आहे. तपासणीचा वार ठरलेला असतो, मानसतज्ज्ञ त्या दिवशी आहेत की नाही हे आधी विचारूनच निघा. एक मजुरी बुडवून आलेल्या माणसाला ‘पुढच्या आठवड्यात या’ ऐकावं लागलं, की तो पुन्हा येत नाही.

तिथे ‘इसा’ नावाची भारतीय मोजपट्टी वापरतात. ४० प्रश्न असतात, प्रत्येकाला १ ते ५ गुण. इथे एक गोष्ट जवळून पाहिलेली सांगते. डॉक्टरांनी विचारलं की आई म्हणते, ‘तसा चांगलाय हो, समजतं त्याला सगळं.’ स्वतःच्या लेकराची उणीव परक्या माणसासमोर मोजून दाखवायला कुठल्या आईची जीभ वळेल? पण मग टक्के कमी पडतात आणि ४० च्या खाली गेलं की बऱ्याच योजनांचं दार बंद होतं. तिला आदल्या दिवशी समजावून सांगा : तिथे त्याच्या सगळ्यात कठीण दिवसाबद्दल बोलायचं. तुमची शंभर पानी वही सोबत द्या. टोलाच्या वेळचा, जेवणाच्या वेळचा एखादा मिनिटाचा व्हिडिओ मोबाईलमध्ये असू द्या. जमलं तर तुम्हीच एक दिवस रजा टाकून जा. त्या टेबलासमोर शिक्षकाच्या शब्दाला वजन असतं.

शाळेकडून करायचं ते तुमच्याच हातात आहे. एनसीईआरटीची ‘प्रशस्त’ नावाची तपासणी सूची शिक्षकांसाठीच केलेली आहे, ती भरा. यू-डायस प्लसमध्ये, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, गोपाळची विशेष गरजा असलेलं मूल म्हणून, ऑटिझम या प्रकाराखाली नोंद करा. ही नोंद नसेल तर समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेच्या हिशेबात तो मुलगा दिसतच नाही. नोंद झाली की धारूरच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचं काम बघणाऱ्या विशेष शिक्षकाची भेट लेखी मागा. तोंडी मागितलेली भेट मिळते, पण उशिरा. ते आले की नुसती सही घेऊन सोडू नका, तासभर वर्गात बसवा, परिपाठ बघू द्या आणि वर्षाअखेर गोपाळने काय काय करावं हे दोघं मिळून अर्ध्या पानात लिहा.

प्रमाणपत्र हातात आलं की राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ आरोग्य विमा योजना बघा. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ऑटिझम येतं, आणि या योजनेत वर्षाला १ लाखापर्यंतच्या खर्चात वाचोपचार-थेरपीसुद्धा बसतात, नुसतं दवाखान्यात भरती होणं नव्हे. अर्ज न्यासाकडे नोंदलेल्या संस्थेमार्फत करायचा असतो. ग्रामपंचायतीच्या स्वनिधीतले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च व्हायला हवेत. ग्रामसेवकांना विचारा, यंदा ते कशावर झाले. एसटीच्या सवलतीचं डेपोत कळेल.

माणसं कुठे भेटतील? अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथला मनोविकार आणि बालरोग विभाग तुम्हाला सगळ्यात जवळ. लातूरला ‘उमंग’ हे ऑटिझमसाठीच काम करणारं केंद्र आहे, छत्रपती संभाजीनगरला ‘आरंभ’. पुण्यात प्रसन्न ऑटिझम सेंटर आहे. मुंबईत ‘उम्मीद’ २००१ पासून मुलांच्या विकासाच्या अडचणींवर काम करतं, तिथे शिक्षक-पालकांची प्रशिक्षणंही होतात. ‘फोरम फॉर ऑटिझम’ ही पालकांनी पालकांसाठी चालवलेली संस्थाही मुंबईतच आहे. रोज तिथे जाणं या घराला शक्य नाही आणि तशी गरजही नाही. एकदा नीट तपासणी करून घरी काय करायचं ते शिकून यायचं, मग दोन-तीन महिन्यांनी फोनवर विचारायचं. कुणीही ‘थेरपिस्ट’ म्हणून पैसे मागितले, तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. खरा माणूस रागावत नाही.

‘तसल्या’ शाळेचं म्हणणाऱ्या पालकांना शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत बोलवा. लक्षणीय दिव्यांगत्व, म्हणजे ४० टक्के किंवा अधिक, असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क २०१६ च्या कायद्यातलं कलम ३१ देतं. पसंती त्याची आणि त्याच्या घराची. शेजाऱ्यांची नाही. हे ठाम सांगा, पण आवाज चढवू नका, कारण उद्या त्यांचीच पोरं त्याच्याबरोबर खेळायची आहेत. नोकरीच्या पहिल्या वर्षांत माझ्या शाळेने असाच एक मुलगा पालकांच्या दबावापुढे काढला. बैठकीत मी गप्प बसले. तो दाराबाहेर गेला तेव्हा त्याच्या हातात माझ्या वर्गातला खडू होता. ते अजून डोळ्यांसमोर येतं, म्हणून तुम्हाला कळवळून सांगते, त्या बैठकीत बोला.

राहिला दसरा. माझं मत विचाराल तर आजी धडधाकट असेल आणि मनापासून तयार असेल, तर गोपाळने तांड्यावर राहावं. फडावर उघड्या विहिरी, कालवे, रात्रीचे ट्रॅक्टर, उसाची पेटलेली पाचट. अशी मुलं नजर चुकवून चालू लागतात आणि हाक मारली तरी थांबत नाहीत. पण आजीची तयारी नसेल तर तिच्यावर लादू नका. हंगामी वसतिगृहात एकदम टाकणं तर नकोच, नवी जागा आणि शंभर आवाज त्याला झेपणार नाहीत. जाणारच असेल तर शिक्षण हमी पत्रक, म्हणजे तिकडच्या शाळेत दाखवायचा कागद, द्या, त्यासोबत त्याच्या सवयींचं एक पान जोडा, चित्रांचा संच आईच्या पिशवीत द्या, आणि त्याच्या सदऱ्याच्या आतल्या बाजूला आईचा फोन नंबर शिवून टाका.

राहिला तर आजीला एकटं सोडू नका. रोज ठरल्या वेळी आईवडिलांचा व्हिडिओ कॉल, मग तो स्क्रीनकडे बघो न बघो. दोघांचा एक फोटो त्याच्या झोपायच्या जागेजवळ. आजीला फार एकटं वाटलं, किंवा त्याच्या आईला तिकडे झोप लागेनाशी झाली, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दोघींच्या फोनमध्ये घालून द्या, मराठीत बोलता येतं. आणि भिंतीवर एक कॅलेंडर लावा. रोज संध्याकाळी गोपाळने एक चौकोन खोडायचा. परतीची तारीख आधीच सांगून टाकू नका, कारखाना कधी बंद होणार ते कुणालाच माहीत नसतं, आणि सांगितलेला दिवस टळला तर त्याला ते सहन होणार नाही. वडिलांचा ‘निघालो’ म्हणून फोन आला, की त्या दिवसाच्या चौकोनात एक ट्रॅक्टर काढा. त्याच्या पाटीवरचा नंबर त्यालाच लिहू द्या.